असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचा आवाज फाटत होता, त्याचा अनुभव

दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, घरी जोडलेल्या माझ्या डेस्कटॉपचा आवाज संक्रांतीच्या आदल्या दिवशी एकदाचा स्वच्छ झाला. मधल्या काळात इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधलं दुकान, सर्व्हिस सेंटर, सुदामा नगरची मावशी आणि शेवटी वायरमन, एवढ्या सगळ्यांची मदत लागली. रात्री उशिरापर्यंत बसून शोधायचे, तर निम्म्या ठिकाणी उत्तर 'ड्रायव्हर परत टाका' (ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) आणि उरलेल्या ठिकाणी 'बोर्ड बदला'. आवाजाचं दुखणं एकच नसतं, दोन-तीन दुखणी एकमेकांत मिसळलेली असू शकतात, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं, तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे. जुन्या घरात राहून नवा कॉम्प्युटर जोडणाऱ्या कुणाला तरी याचा उपयोग व्हावा.

कॉम्प्युटर हवा होता बाबांच्या कॅसेटसाठी. ऐंशीच्या दशकात इंदुरात घरोघरी गाण्याच्या बैठका व्हायच्या. बाबा बँकेतून सुटले की टेपरेकॉर्डर घेऊन पोचायचे आणि गाणाऱ्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करायचे. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात राग, ताल, साथीदार, तारीख. आता त्यातल्या काहींची टेप चिकटायला लागली आहे, काहींतली टेपमागची फेल्टची गादी गळून पडली आहे. आणखी पाच-सात वर्षं थांबलं तर यातलं बरंच कायमचं जाईल. लॅपटॉपला लाइन-इनचं, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचं, भोकच नव्हतं, म्हणून डेस्कटॉप.

सुटे भाग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून घेतले. सहा कोअरचा प्रोसेसर ११,२००, वाय-फाय असलेला मदरबोर्ड ९,८००, १६ जीबी रॅम ३,४००, १ टीबीची एसएसडी ५,६००, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४,१०० आणि कॅबिनेट ३,३००. एकूण ३७,४०० रुपये, जीएसटी धरून. ग्राफिक्स कार्ड दादाने त्याचं जुनं दिलं. इथे एक गोष्ट आवर्जून करा: पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर छापून घ्या. दुकानदार 'कशाला, ओळखीचे आहात' म्हणाला तरी घ्या. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न तोच येतो. मदरबोर्डचा खोकाही जपून ठेवा, आतल्या चंदेरी पिशवीसकट.

जोडणी नीट झाली, पहिल्या बटणाला सुरू झाला. बाबांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडून पहिली चीज लावली आणि आवाज फाटला. सुरुवातीला मी त्या सगळ्याला मिळून 'खरखर' म्हणत होते. दुकानदाराला फोनवर तेच सांगितलं, तो म्हणाला ड्रायव्हर टाका. टाकला. फरक शून्य. दिवाळीची गडबड संपल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन बसले आणि फक्त ऐकलं. काय वाजवलं, केव्हा आवाज आला, कसा आला, तेवढंच लिहीत गेले. तेव्हा उलगडलं की आवाज तीन आहेत. एक, मधूनच होणारी तडतड, जणू आवाजाचा बारीकसा तुकडाच गळाला. ती केव्हाही यायची, विशेषतः ब्राउझर उघडा असताना. दुसरी, बारीक शिट्टी. माउस हलवला की तिचा सूर बदलायचा, पान वरखाली सरकवलं की चिरकायची. तिसरी, संथ अखंड घूं. ती काहीही वाजत नसतानाही असायची आणि विंडोजमधला आवाज शून्यावर आणला तरी जायची नाही.

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाचं काम हेच झालं. यानंतर प्रत्येक आवाजाला स्वतंत्रपणे पकडता आलं.

तडतडीपासून सुरुवात केली. आवाज बाहेर पडायच्या वाटा बदलून पाहिल्या. हिरव्या भोकातला आवाज मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपमधून येतो. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं तर तो ग्राफिक्स कार्डातून जातो. यूएसबी हेडफोनची तर स्वतःची छोटी चिप असते. म्हणजे तीन वेगळ्या वाटा. तडतड तिन्हींकडे होती, म्हणजे चिप, भोक आणि केबल या तिघांवरचा संशय गेला. शिट्टी आणि घूं मात्र फक्त हिरव्या भोकात होती. टीव्हीवर नाही, यूएसबी हेडफोनवर नाही. ही चाचणी फुकट आहे, पंधरा मिनिटांत होते. काहीही विकत घेण्याआधी ती करा.

तिन्हीकडे होणारी तडतड बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या आतल्या उशिरामुळे होते. विंडोज आवाज छोट्या छोट्या घासांनी पुढे पाठवतं, साधारण १० मिलिसेकंदांचा एक घास. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने असतात तेव्हा, तो ४८० नमुन्यांचा होतो. पंगतीत वाढपी भलत्याच पानाशी अडकला की पुढची पानं रिकामी राहतात, तसं एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसरला जास्त वेळ धरून ठेवलं की आवाजाचा पुढचा घास वेळेवर येत नाही आणि तड होते. प्रोसेसर किती ताकदीचा आहे याचा इथे फारसा संबंध नाही.

कोण अडवतंय हे पाहायला लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो सुरू ठेवून पंधरा-वीस मिनिटं गाणं ऐकायचं, मग ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कुणी घेतला ते बघायचं. माझ्याकडे नेटवर्कशी संबंधित फाइल वर होती आणि तिचा आकडा हजार मायक्रोसेकंदांच्या बराच पुढे गेलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय तात्पुरतं बंद केलं, तडतड थांबली. परत सुरू केलं, परत आली. पुन्हा बंद, पुन्हा थांबली. असं दोन्ही बाजूंनी पडताळल्याशिवाय 'सापडलं' म्हणायचं नाही हे मी तेव्हापासून पाळते. विंडोजने आपणहून टाकलेला वाय-फाय ड्रायव्हर काढला, चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा घेतला, आणि १० नोव्हेंबरनंतर तडतड झाली नाही.

त्याच दिवशी बायोसही, म्हणजे बोर्ड सुरू करणारा त्याच्यावरचा मूळ प्रोग्रॅमही, नवा केला. त्याबद्दल एवढंच: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल तुमच्याच बोर्डाच्या मॉडेलची आणि तुमच्याच आवृत्तीची असल्याची खात्री करा, आणि कॉम्प्युटर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असेल तेव्हाच करा. मधेच वीज गेली तर बोर्ड पुन्हा न उठण्याची भीती असते. नंतर मेमरीचं एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद पडलेलं असतं, ते आणि घड्याळ पुन्हा बघून घ्या.

आता शिट्टी आणि घूं उरली. पण त्याआधी मधलं एक छोटं प्रकरण सांगायला हवं, कारण कॅसेट उतरवणाऱ्या प्रत्येकाला ते भेटणार.

रेकॉर्डिंग करताना तंबोरा वरखाली व्हायचा. गायक थांबला की तंबोरा हळूहळू फुगत पुढे यायचा, पहिली तान आली की दबून मागे जायचा. टेपवर तसं नव्हतं. हे विंडोजच्या ऑडिओ एन्हान्समेंट्सचं काम. बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करून सगळं एका पातळीवर आणायचा त्यांचा प्रयत्न असतो. बातम्यांना ठीक, आपल्या गाण्याची त्यात वाट लागते. साउंड सेटिंग्जमध्ये वाजवायच्या आणि रेकॉर्डिंगच्या दोन्ही उपकरणांसाठी ते बंद करा. आणि कॅसेट डेकचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारं भोक) मागच्या निळ्या भोकातच लावा. कॅबिनेटच्या पुढे असतं ते माइकचं भोक. माइकचा आवाज फार क्षीण म्हणून तिथे तो वाढवून घेतात, डेकचा तगडा आवाज तिथे दिला की प्रत्येक मोठी तान फाटणारच. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं की नंतर वाढवायला भरपूर जागा राहते.

बरं, शिट्टी. नोव्हेंबरअखेर कॅबिनेट उचलून सिल्व्हर मॉलला नेलं. दुकानातल्या मुलाने मिनिटभर ऐकलं न ऐकलं, दुकानात एवढा गलका की काही ऐकू येणंच अवघड. म्हणाला, "दीदी, बोर्ड का ऑडिओ गया है, आरएमए में डाल दो." आरएमए म्हणजे बिघडलेला भाग वॉरंटीत कंपनीकडे परत देणं. बोर्डाची वॉरंटी ३ वर्षांची होती, त्यामुळे २ डिसेंबरला, सोमवारी, सर्व्हिस सेंटरला गेले.

ही प्रक्रिया नवख्या माणसाला गोंधळवते. आधी कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवून तिकीट नंबर घ्यायचा, तो घेऊन जायचं. सोबत बिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत, आणि फक्त बोर्ड. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी सगळं घरी काढून ठेवायचं. मागे विसरलेली एसएसडी परत मिळेल याची हमी कुणी देत नाही. काउंटरवरच्या ताईंनी भिंग घेऊन बोर्डाचा कोपरान् कोपरा पाहिला. जळाल्याचा डाग, तुटलेला कोपरा, खरवडलेली रेघ, वाकलेली पिन यांपैकी काही दिसलं की ते 'ग्राहकाकडून झालेलं नुकसान' धरून वॉरंटी नाकारतात. म्हणून निघण्यापूर्वी घरीच उजेडात बोर्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा जवळून एक आणि सीरियल नंबरच्या स्टिकरचा एक. ज्यांच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात त्यांनी सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण लावल्याशिवाय बोर्ड हलवूच नये.

जॉबशीटवर त्यांनी 'नो साउंड' लिहिलं होतं. मी ते बदलून घेतलं: 'मागच्या हिरव्या जॅकमध्ये माउस हलवल्यावर शिट्टी, सतत घूं, एचडीएमआयवर नाही'. तक्रार नेमकी लिहिलेली नसेल तर ते आवाज येतो की नाही एवढंच तपासून परत देतात. १० ते १५ कामाचे दिवस सांगितले. त्यांच्या कंपनीच्या साइटवर तिकीट नंबर टाकून स्थिती दिसायची, पण 'अंडर प्रोसेस' याखेरीज काही दिसलं नाही. डिसेंबरचे ते दिवस जड गेले. टेबलावर प्रोसेसर डबीत, रॅम पाकिटात, आणि बाबा रोज कॅसेटचा खोका पुसून ठेवायचे.

१९ डिसेंबरला बोर्ड परत मिळाला. शेरा: दोष आढळला नाही. मी तिथेच विनंती केली की माझ्यासमोर एकदा चालवून दाखवा. त्यांनी भल्या मनाने त्यांच्या टेबलावर जोडून इअरफोन दिले. मी माउस गरगर फिरवला. अगदी बारीक, कान देऊन ऐकलं तरच कळेल अशी शिट्टी. घूं नावालाही नाही. घरी आणून जोडला, अँप्लिफायर लावला, दोन्ही होत्या तशाच हजर.

बोर्ड तोच आणि जागा बदलली की आवाज बदलतो, हे एवढं स्पष्ट समोर आलं तो मला वळणाचा क्षण वाटतो. पण घूं म्हणजे नक्की काय हे पकडलं बाबांनी.

त्या संध्याकाळी एका बैठकीची कॅसेट लावली होती, काळी एकमधली, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गायलेली. आलाप सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "टेप थांबव बरं."

मी थांबवली.

"तंबोरा थांबला, पण पंचम अजून वाजतोय. आणि तो पंचम नाहीये. खाली आहे. चांगला अर्ध्या स्वराच्या आसपास उतरलाय."

मी म्हटलं, "बाबा, तो कॉम्प्युटरचा आवाज आहे."

"असेल. पण त्याला सूर आहे, आणि तो सूर बदलत नाहीये. मग तो कशाचा तरी असणार."

मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये टेप बंद ठेवून अर्धं मिनिट नुसती घूं रेकॉर्ड केली आणि तिचा आलेख काढला. ५० हर्ट्झवर सुळका, १०० वर त्याहून मोठा, मग १५० वर, २०० वर. काळी एकचा मंद्र पंचम येतो १०३.८ हर्ट्झच्या आसपास. बाबांच्या कानाला टोचत होता तो १०० हर्ट्झचा सूर, पंचमाच्या खाली, तीव्र मध्यमाकडे निम्म्याहून थोडा जास्तच उतरलेला. आपल्याकडची घरातली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे घूं कॉम्प्युटरची नव्हती, भिंतीतून येत होती. त्या रात्री मला फार हलकं वाटलं. बाबा सत्तरी ओलांडलेले, एका कानाने कमी ऐकू येतं, पण सर्व्हिस सेंटरला जे मिळालं नाही ते त्यांना तंबोऱ्यावरून मिळालं.

मग दोन चाचण्या. लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर, तोच अँप्लिफायर त्याच केबलने जोडला. पूर्ण शांत. म्हणजे अँप्लिफायर आणि केबल निर्दोष. नाताळच्या सुट्टीत कॅबिनेट आणि अँप्लिफायर रिक्षात घालून सुदामा नगरला मावशीच्या फ्लॅटवर नेला. तिथलं वायरिंग नवं. घूं नाही. शिट्टी कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन जॅकमध्ये थोडी, मागच्यात जवळजवळ नाहीच. मावशीने पोहे केले होते, ते खाता खाता तिच्या जावयाने विचारलं, "ताई, तुमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का?" येत होत्या. अनवाणी असताना, कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला बोट लागलं की. थंडीतली स्थिर वीज समजून सोडून दिलं जातं ते हेच.

आमचं घर रामबागेत, आजोबांच्या काळातलं. भिंतीतल्या बोर्डांना तीन भोकं आहेत, पण तिसऱ्याच्या मागे काय आहे हे कुणी कधी उघडून पाहिलेलं नाही. ५ जानेवारीला, रविवारी, वायरमन आले. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी आधी मला चप्पल घालायला लावली, मग मीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये (अर्थ म्हणजे जमिनीत जाणारी तिसरी तार) एक-दोन व्होल्ट दिसायला हवे होते, तिथे आकडा ठरतच नव्हता, वरखाली नाचत होता. म्हणजे तिसरी तार कुठेच पोचत नव्हती. मग सुरू असलेल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट आणि अंगणातला लोखंडी नळ यांच्यामध्ये मीटर धरला: ११२ व्होल्ट.

हा आकडा बघून मी घाबरले. त्यांनी समजावलं, आणि नंतर वाचून मलाही नीट कळलं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळायचं फिल्टर असतं. त्यात फेजपासून कॅबिनेटकडे एक आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे एक असे छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. गाळलेलं सगळं कॅबिनेटवरून अर्थच्या तारेने जमिनीत जावं अशी ती रचना. अर्थच नसेल तर कॅबिनेट फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध तरंगत राहतं, म्हणून २३० च्या निम्मे व्होल्ट दिसतात. करंट फार थोडा असतो, त्यामुळे झिणझिण्यांवर भागतं. पण तोच करंट ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून अँप्लिफायरकडे वाट काढतो, आणि स्पीकरमध्ये घूं होते. एसएमपीएस चांगला होता, बोर्ड चांगला होता. त्यांना जमीनच मिळत नव्हती.

इथे काही जण दोन शॉर्टकट सुचवतात, आणि दोन्हींबद्दल मी कळकळीने सांगते की करू नका. एक म्हणजे भिंतीतल्या स्विचबोर्डाच्या आत अर्थचं टोक न्यूट्रलला जोडणं. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर थेट २३० व्होल्ट येतात. दुसरा म्हणजे अर्थची तार पाण्याच्या पाइपला बांधणं. पाइप मध्येच प्लास्टिकचा असेल तर काहीच उपयोग होत नाही, आणि नसेल तर शेजारी आंघोळ करणाऱ्याच्या जिवाशी खेळ. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी जेल रोडला तीन-चारशेला मिळते. तिने घूं लपते, पण स्वस्त डबीत डग्ग्याचा खर्जही जातो, आणि कॅबिनेटवरचे ११२ व्होल्ट तिथेच राहतात. म्हणून मी ती घेतली नाही.

११ आणि १२ जानेवारीला अर्थिंग झालं. घराच्या पायापासून पाच फुटांहून लांब, पेरूच्या झाडामागे खड्डा. जस्ताचा मुलामा दिलेला भोकांचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला फनेल आणि सिमेंटचं झाकण. तिथून तांब्याची जाड तार मीटरपेटीपाशी आणि पुढे प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत हिरवी तार. सामान ४,६००, मजुरी २,८००. त्यांच्याच सल्ल्याने ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवली, २,१०० रुपये. ती बसवण्याआधी त्यांनी फेज आणि नव्या अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून दाखवला, तो पूर्ण प्रकाशाने पेटला. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १ व्होल्टच्या आत. घरातल्या सगळ्यांसाठीच हे कधीचं व्हायला हवं होतं: गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळंच त्या रिकाम्या तिसऱ्या भोकावर चाललं होतं.

एक गोष्ट सुटू देऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डला तीन भोकं असतात, पण कित्येक स्वस्त बोर्डांच्या केबलीत तारा दोनच असतात. आमचाही तसलाच निघाला. भिंतीपर्यंत अर्थिंग आलं आणि शेवटच्या दीड मीटरवर अडलं, असं होऊ शकतं. तीन तारांचा चांगला बोर्ड ६५० रुपयांना आला.

१३ जानेवारीला सगळं परत जोडलं. टेप न लावता अँप्लिफायरचा आवाज पाऊणपर्यंत वर नेला. घूं नव्हती. आलेख काढला तर १०० हर्ट्झचा सुळका गोंधळाच्या गवतात मिसळलेला. बाबांनी कान लावला आणि म्हणाले, "लाव आता काळी एक."

शिट्टीही मागच्या जॅकमध्ये ऐकू येण्याइतकी उरली नाही. पुढच्या जॅकमध्ये मात्र होती. त्याचं कारण कॅबिनेटच्या आत: पुढच्या ऑडिओची बारीक केबल बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, एचडी ऑडिओ लिहिलेल्या पिनांवर लागते, आणि माझ्याकडे ती ग्राफिक्स कार्डाच्या अगदी पोटाखालून आडवी गेली होती. कार्डावर काम वाढलं-घटलं की त्याचा विजेचा खेच बदलतो आणि ते त्या केबलीत उमटतं. केबल बोर्डाच्या मागच्या बाजूने फिरवून, शेवटी कोपऱ्यातून वर काढली. बरीच कमी झाली. कॅसेटचं सगळं काम मागच्या जॅकवर असल्यामुळे मी तिथेच थांबले. ज्यांना पुढचाच जॅक हवा त्यांनी हजार-बाराशेची छोटी यूएसबी ऑडिओ डबी घ्यावी. आवाज कॅबिनेटच्या बाहेर तयार झाला की आतला गोंधळ त्याला सहसा शिवत नाही.

कॉम्प्युटरच्या आवाजापायी वरखर्च असा झाला: अर्थिंग आणि आरसीसीबी मिळून ९,५००, एक्स्टेन्शन बोर्ड ६५०, मल्टिमीटर ४५०. कॉम्प्युटरचा एकही भाग बदलावा लागला नाही. बोर्ड बदलून नवा घेतला असता तर साधारण तेवढेच पैसे गेले असते आणि घूं तशीच राहिली असती.

अर्थिंगच्या खड्ड्याला एप्रिल ते जून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालायचं आहे. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, तेव्हा अर्थिंग कमजोर पडतं. वायरमननी दर सहा महिन्यांनी न्यूट्रल-अर्थ मोजून ठेवायला सांगितलं आहे. तो आकडा मी त्याच वहीत लिहिते. रेकॉर्डिंग ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, एन्हान्समेंट्स बंद, वाय-फाय बंद, आणि प्रत्येक कॅसेटच्या आधी अर्धं मिनिट टेप न लावता रेकॉर्ड, म्हणजे काही नवीन घूं शिरली तर लगेच दिसते. टेपचा स्वतःचा सूंऽ तेवढा तसाच ठेवला आहे. तो काढायला गेलं की तंबोऱ्याची जवारीही (तारांचा झंकार) सोबत जाते, आणि ते बाबांना चालत नाही.